न झालेल्या लढाईची साडेपाच वर्षं: डिचोली प्रकरण

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक नवा लेख आला. विषय होता गोव्यातल्या डिचोली भागातला संघर्ष. लेख सांगत होता की १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात इथे अघोषित युद्ध झालं आणि ते तहाने संपलं. लेख छोटा नव्हता, वाढत वाढत सुमारे साडेचार हजार शब्दांवर गेला. पार्श्वभूमी, लढाईचे टप्पे, तह, परिणाम, तळटीपा, ग्रंथसूची असं सगळं जागच्या जागी होतं. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये तो वगळला गेला, कारण असा संघर्ष कधी झालाच नव्हता. मुख्य संदर्भ म्हणून दिलेले ग्रंथही अस्तित्वात नव्हते.

मराठी वाचकाला पहिल्याच ओळीत ठेच लागायला हवी. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते आणि राज्याभिषेकाला ३४ वर्षं अवकाश होता. पोर्तुगिजांशी लढणारं ‘मराठा साम्राज्य’ त्या साली कुठून आलं? हा प्रश्न पडायला इतिहासाची पदवी लागत नाही, शाळेतली सनावळी पुरते. तरीही लेख जवळपास साडेपाच वर्षं टिकला, दर्जाच्या चिन्हासकट. खोटं लिहिणारा कुठेही निघतो, त्यात नवल नाही. या प्रकरणात बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: लेख अनेकांच्या नजरेखालून गेला आणि प्रत्येकाने काही ना काही तपासलंही. मग नेमकं काय तपासायचं राहिलं?

थाप कशावर उभी होती

पूर्ण हवेतली थाप लवकर पकडली जाते. ही हवेतली नव्हती, खऱ्या इतिहासाच्या शेजारी जागा बघून बसवलेली होती.

डिचोलीत मराठे आणि पोर्तुगीज आमनेसामने आले हे खरंच आहे, फक्त नंतर. शिवाजी महाराजांची बारदेशावरची स्वारी नोव्हेंबर १६६७ ची. नार्वे इथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा त्यांनी केलेला जीर्णोद्धार १६६८ चा, आणि नार्वे डिचोली तालुक्यातच येतं. संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली ती १६८३ मध्ये. १६४० मध्ये पोर्तुगिजांच्या हाती मुख्यतः तिसवाडी, बारदेश आणि साष्टी होती, म्हणजे जुन्या काबिजादी (आधी जिंकलेला मुलूख). डिचोली त्यांच्याकडे कायमची गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींबरोबर. थोडक्यात, लेखातली माणसं आणि जागा ओळखीच्या होत्या, काळ तेवढा तीसएक वर्षं मागे सरकवलेला होता. गोव्याबद्दल वरवर माहिती असलेल्या परक्या वाचकाला हे पटण्यासारखंच होतं. मराठे आणि पोर्तुगीज भांडायचे हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. सालाशी त्याला देणंघेणं नसतं.

साल हीच अशा थापेची सर्वात कच्ची बाजू. एखाद्या युद्धाबद्दल शंका आली की त्या साली त्या जागी आणखी काय चाललं होतं ते आधी मांडून बघावं. १६४०-४१ मध्ये गोव्यातल्या पोर्तुगिजांना डचांनी समुद्रावरून जेरीस आणलं होतं. जानेवारी १६४१ मध्ये मलाक्का डचांच्या हाती गेलं. त्याच्या सुमारे दीड महिना आधी, १ डिसेंबर १६४० ला, खुद्द पोर्तुगालने स्पेनच्या राजाचं जोखड झुगारलं होतं. अशा अवस्थेत जमिनीवर दुसरी मोठी लढाई पेटली असती, तर गव्हर्नरच्या मंडळाला तिची चर्चा करावीच लागली असती. ही चर्चा कुठे असायला हवी हेही ठरलेलं आहे. गोव्याच्या राज्यमंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५० च्या दशकात पाच खंडांत छापली, त्यांचा आवाका १६१८ ते १७५० असा आहे. वर्षभर चाललेलं युद्ध आणि त्यानंतरचा तह या खंडांतून निसटणं अशक्य. ही तपासणी लेख आला त्या दिवशीही करता आली असती.

शिक्का कसा मिळाला

‘चांगला लेख’ हा दर्जा देण्याची पद्धत समजल्याशिवाय हे प्रकरण उलगडत नाही. लेख नामांकित झाला की ज्याने त्यात फारसं लेखन केलेलं नाही असा कोणीही नोंदणीकृत संपादक परीक्षक होऊ शकतो. परीक्षक एकच असतो. तो विषयाचा जाणकार असलाच पाहिजे अशी अट नाही. कसोट्या ढोबळमानाने सहा: लेखन नेटकं आहे का, माहिती पडताळण्याजोगी आहे का, विषयाची मुख्य अंगं आली आहेत का, मांडणी निःपक्ष आहे का, लेख स्थिर आहे का, शक्य तिथे चित्रं आहेत का.

आता या कसोट्या पूर्ण बनावट लेखाला लावून बघा. लेखन नेटकं आहे, कारण एकाच हाताने लिहिलं. मांडणी निःपक्ष आहे, कारण लेखकाला कुठल्याच बाजूची चाड नाही. आणि स्थिर तर इतका की विचारू नका. जे घडलंच नाही त्यावर वाद कोण घालणार? पानिपतावरच्या लेखात रोज कोणी आकडे बदलतो, कोणी जातीचा उल्लेख घालतो, कोणी तो उडवतो. डिचोलीच्या लेखात शांतता होती, आणि ती शांतता गुणवत्तेचं लक्षण म्हणून मोजली गेली. व्यवस्थेतला हा दोष मोठा आहे, कारण इथे खोटेपणाच गुण मिळवून देतो.

उरली पडताळण्याजोगी असण्याची कसोटी. तळटीपा होत्या. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान क्रमांक, सगळं शिस्तीत. परीक्षकाने बघितलं ते एवढंच: महत्त्वाच्या विधानाला तळटीप आहे, आणि तळटीपेतला स्रोत दर्जेदार वाटतो. पुस्तक आंतरजालावर उपलब्ध नसेल तर संपादकावर सद्भावाने विश्वास ठेवायचा, हा तिथला जुना संकेत. तो संकेत चुकीचा नाही. तो नसता तर फक्त गूगलवर सापडणाऱ्या गोष्टींचाच ज्ञानकोश झाला असता, आणि मराठी-पोर्तुगीज साधनांवर लिहिलेल्या निम्म्या लेखांना कोणी उभं केलं नसतं. पण विश्वास ठेवायचा तो ‘या पुस्तकात पान अमुकवर असं लिहिलं आहे’ यावर. पुस्तक आहे की नाही हा विश्वासाचा विषयच नाही, ते दहा मिनिटांत कळतं. इथे दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत गेल्या.

मग आली दुसरी संधी. लेख त्याहून वरच्या, सर्वोच्च दर्जासाठी पुढे केला गेला. तिथे परीक्षक अनेक असतात आणि कसून बोलतात. लेख नाकारला गेला. आक्षेप असा की मोजक्याच ग्रंथांवर सगळा डोलारा उभा आहे. इथे तपासणी अगदी दारापर्यंत पोचली होती. स्रोत मोजले गेले, ते कमी भरले, पण ते उघडले गेले नाहीत. ‘एवढ्या मोठ्या युद्धावर एवढेच ग्रंथ का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘लेखकाने आणखी शोधावेत’ असं धरलं गेलं. ‘ग्रंथ नाहीत कारण युद्धच नाही’ ही शक्यता कोणाच्या मनात आली नाही. नापास झालेला लेख खालच्या दर्जावर परतला आणि तिथेच राहिला. नकारामुळे कोणी खालच्या दर्जाचा फेरविचार केला नाही, कारण दोन दर्जांची खाती वेगळी.

त्यानंतरची पाच वर्षं शिक्काच ढाल झाला. जुन्या लेखांची झाडलोट करणारे संपादक कामाची निवड करताना बिनसंदर्भ, अर्धवट, वादग्रस्त अशा खुणांवरून जातात. चांगला ठरलेला लेख त्यांच्या यादीत येतच नाही.

पुस्तकापासून सुरुवात

२०१२ च्या डिसेंबरात एका संपादकाने लेखाचा मजकूर बाजूला ठेवून ग्रंथसूची हातात घेतली आणि पुस्तकं शोधली. मुख्य आधारग्रंथ कुठेच मिळेनात. त्याने लेख वगळण्याच्या चर्चेला लावला, आपला शोध तपशिलात मांडला, आणि ही हुशारीने रचलेली थाप असल्याचा निष्कर्ष दिला. बाकीचं आपोआप झालं. जानेवारी २०१३ मध्ये बातम्या आल्या.

हे काम कसं करतात ते नीट बघण्यासारखं आहे, कारण ते कोणालाही करता येतं आणि चुकतंही सहज.

पहिली पायरी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. दहा अंकी क्रमांकात शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिल्या अंकाला १०ने गुणायचं, दुसऱ्याला ९ने, असं उतरत शेवटच्याला १ने, आणि बेरजेला ११ने निःशेष भाग जायला हवा. शेवटी ‘एक्स’ असेल तर तो १० धरायचा. उदाहरणार्थ ०-३०६-४०६१५-२ या क्रमांकाची बेरीज १३२ येते, म्हणजे ११ गुणिले १२, क्रमांक बरोबर. मनाने ठोकून दिलेला क्रमांक या चाळणीतून जाण्याची शक्यता अकरात एक. तेरा अंकी क्रमांक २००७ पासून प्रमाण झाले. त्यात एकाआड एक अंकांना १ आणि ३ने गुणतात आणि बेरजेला १०ने भाग जायला हवा. क्रमांक चुकीचा निघाला तरी थाप सिद्ध होत नाही, टंकनदोष सर्रास असतात. क्रमांक बरोबर निघाला तर पुढे बघायचं की तो त्याच पुस्तकाचा आहे का. दुसऱ्याच पुस्तकाचा खरा क्रमांक चिकटवणं ही जुनी युक्ती आहे.

दुसरी पायरी ग्रंथालयांच्या सूची. वर्ल्डकॅटसारखी एकत्रित सूची, मग राष्ट्रीय ग्रंथालयांच्या सूची, मग त्या प्रकाशकाची यादी. मोठ्या विद्यापीठ प्रकाशनाचं १९९० च्या दशकातलं इंग्रजी पुस्तक जगातल्या एकाही ग्रंथालयात नसेल, तर ते छापलंच गेलेलं नाही असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. हेच मुंबईत १९३० साली छापलेल्या मराठी पुस्तकाबद्दल अजिबात म्हणता येत नाही.

इथेच बाहेरचे हौशी तपासनीस घसरतात. डिचोली हे पोर्तुगीज वळणाने लिहिलं जातं तेव्हा ब या अक्षराने सुरू होतं. पिसुर्लेकरांचं आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी आढळतं, कधी गोव्याच्या पद्धतीने शेवटी ‘कार’. जुन्या मराठी पुस्तकांची नोंद सूचीत कधी शीर्षकाच्या भाषांतराखाली असते, कधी नसतेच. इंग्रजीत एक शोध टाकून ‘पुस्तक सापडत नाही, सबब लेख बनावट’ असं जाहीर करणाऱ्यांनी खरे लेखही धोक्यात आणलेले आहेत. शोध किमान तीन वर्तन्यांत आणि मूळ लिपीत करावा, आणि ‘सापडलं नाही’ लिहिताना कुठे कुठे शोधलं तेही लिहावं. डिचोलीच्या बाबतीत सुदैवाने थापाड्याने इंग्रजी विद्वत्तेचा आव आणला होता. त्याने १९२० सालची मराठी किंवा पोर्तुगीज पुस्तकं रचली असती, तर खोटं बाहेर यायला आणखी किती काळ गेला असता कोण जाणे.

तिसरी पायरी लेखकाची. संशोधक एकच पुस्तक लिहून हवेत विरत नाही. त्याचे निबंध असतात, इतरांनी त्याला दिलेले संदर्भ असतात, परीक्षणं असतात. चौथी पायरी विषयाच्या प्रमाण साधनांत घटना आहे का ते बघण्याची, म्हणजे वर सांगितलेली इतिवृत्तं.

पाचवी पायरी तारखांची, आणि ती सर्वात जास्त विसरली जाते. घटनेचा उल्लेख इतरत्र सापडला, तर तो उल्लेख विकिपीडियातल्या लेखाच्या आधीचा आहे की नंतरचा? डिचोलीचा लेख जुलै २००७ चा. २००९ च्या एखाद्या संकेतस्थळावर हे युद्ध दिसलं तर तो पुरावा नाही, प्रतिध्वनी आहे. लेखाची निर्मितीची तारीख ‘इतिहास’ टॅबच्या तळाशी मिळते. एखादं विशिष्ट वाक्य कधी घुसलं हे हवं असेल तर जुन्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्याने विभागत बघावं. पाचशे आवृत्त्या असल्या तरी नऊ वेळा विभागलं की जागा सापडते.

यातला एकटा कुठलाही पुरावा पुरेसा नाही. क्रमांक चूक, सूचीत पुस्तक नाही, लेखकाचा मागमूस नाही, प्रमाण साधनांत घटना नाही, आणि लेखाच्या तारखेआधी कुठेही उल्लेख नाही, हे एकत्र आलं की मग बोलावं.

कुठे आणि कसं बोलावं, हेही महत्त्वाचं. विकिपीडियावर उघड बनाव तात्काळ वगळण्याचा नियम आहे, पण तो वरवर दिसणाऱ्या थापेसाठी. तळटीपांनी सजलेला लेख कोणी प्रचालक (पानं वगळण्याचा अधिकार असलेला संपादक) एका तक्रारीवर उडवणार नाही. त्यासाठी वगळण्याची चर्चा लावावी लागते, ती साधारण सात दिवस चालते. चर्चापानावर पुरावा ठेवायचा, लेखावर संशयाचा साचा (ठरावीक इशारा-सूचना) लावायचा, आणि थांबायचं. बाहेर गोळा झालेल्या लोकांना मत नोंदवायला धाडणं हा हमखास पराभवाचा रस्ता आहे. तिथे डोकी मोजत नाहीत, आणि टोळी आलेली दिसली की पुराव्यापेक्षा टोळीचीच चर्चा सुरू होते.

बाहेरच्यांनाही का दिसलं नाही

विकिपीडियावर बाहेरून नजर ठेवणारे तोवर कमी नव्हते. विकिपीडियावर टीका करणारी संकेतस्थळं होती, विकिपीडिया रिव्ह्यू २००५ पासून, विकिपीडियॉक्रसी २०१२ पासून, शिवाय पत्रकार, माजी संपादक, ज्यांच्यावर लेख आहेत अशा व्यक्ती. त्यांनी पुष्कळ बाहेर काढलं आहे. पण डिचोली त्यांच्या हाती लागली नाही, ती आतल्याच माणसाने पकडली.

कारण बाहेरची टीकाही भांडणाच्या मागे जाते. कोणता प्रचालक पक्षपाती, कोण पैसे घेऊन लिहितो, कोणत्या जिवंत व्यक्तीची बदनामी झाली. या प्रत्येकात दुखावलेला कोणीतरी असतो, आणि तोच तपासाची दोरी ओढतो. २००५ चं जॉन सायगेन्थालर प्रकरण घ्या. केनेडी बंधूंच्या हत्येत या अमेरिकी पत्रकाराचा हात असल्याचा संशय होता, असा मजकूर त्यांच्या चरित्रात कोणीतरी घातला. तो चारेक महिने राहिला. पण ते हयात होते, लिहिते होते, त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. बाहेरच्या एका टीकाकाराने आयपी पत्त्यावरून लिहिणाऱ्याचा माग काढला. महिन्याभरातच इंग्रजी विकिपीडियाने बिननोंदणी नवा लेख सुरू करण्यावर बंदी घातली.

याच्या उलट टोकाला ‘जारएडो वेन्स’. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा देव म्हणून मे २००५ मध्ये कोणीतरी हे नाव घातलं. असा देव नाही. लेख मार्च २०१५ पर्यंत, जवळपास दहा वर्षं टिकला, आणि मधल्या काळात हे नाव एका छापील पुस्तकातल्या देवांच्या यादीतही जाऊन बसलं. न झालेल्या देवाचा भक्त नसतो, न झालेल्या लढाईत कोणाचा पूर्वज मेलेला नसतो. तक्रार करणार कोण?

डिचोलीच्या बाबतीत दुखावण्याजोगा समाज होता, हे विशेष. मराठा इतिहासाबद्दल आपल्याकडे किती लोक किती हिरिरीने लिहितात हे वेगळं सांगायला नको. पण लेखात मराठ्यांची बदनामी नव्हती. असती तर आठवड्यात गहजब झाला असता आणि थाप तिसऱ्या दिवशी उघडी पडली असती. दहा वर्षांचे शिवराय आणि ‘मराठा साम्राज्य’ यांची गल्लत कोणाच्याच अस्मितेला टोचली नाही.

टीकाकारांच्या एका सवयीबद्दल इथेच बोलायला हवं. तपासणी किती ढिली आहे हे दाखवण्यासाठी काहीजण स्वतःच खोटी वाक्यं पेरतात आणि किती टिकली ते मोजतात. हाती आकडे लागतात, पण पेरलेलं खोटं मधल्या काळात दुसरीकडे उतरवलं जातं आणि मुळातून काढलं तरी तिथे राहतं. शिवाय प्रयोग उघड झाला की खातं बंद होतं आणि त्या माणसाच्या खऱ्या तक्रारीही त्याबरोबर बुडतात. सापडलेल्या थापा अभ्यासायला पुरेशा आहेत, नव्या पेरायची गरज नाही.

नंतर काय बदललं

लगेच फारसं काही नाही. सर्वोच्च दर्जाच्या परीक्षणात, विशेषतः पहिल्यांदाच लेख घेऊन येणाऱ्याच्या बाबतीत, काही संदर्भ उघडून मजकुराशी ताडून बघण्याची पद्धत रुळली आहे. ‘चांगला लेख’साठी अशी नमुना-पडताळणी नियमात आली ती २०२३ मध्ये, म्हणजे डिचोलीच्या लेखाला शिक्का मिळाल्यानंतर १६ वर्षांनी. तीही नमुन्याचीच: परीक्षक काही तळटीपा निवडतो, सगळ्या नाही. नमुना निवडताना उपलब्ध दुव्यांच्या तळटीपा घेण्याचा मोह होतो. बनावट असतात त्या मात्र बहुधा दुवा नसलेल्या, छापील पुस्तकांच्या. म्हणून नमुन्यात किमान अर्ध्या तळटीपा छापील स्रोतांच्या घ्याव्यात.

लेख वगळल्यावर अभ्यासकाची एक अडचण होते. वगळलेल्या पानाचा इतिहास फक्त प्रचालकांना दिसतो, म्हणजे चूक कशी झाली हे बाहेरच्याला तपासताच येत नाही. गाजलेल्या काही बनावांच्या प्रती ठळक सूचनेसह वेगळ्या पानांवर जपल्या आहेत, पण सगळ्यांच्या नाहीत. संशय आला की चर्चा लावण्याआधीच पानाची प्रत एखाद्या सार्वजनिक संग्रहात साठवून ठेवावी.

विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. तो उचलणारी संकेतस्थळं आहेत, लेख जसेच्या तसे पुस्तकरूपात छापून विकणारेही आहेत. मूळ पान गेलं म्हणून या प्रती जात नाहीत. १६४० सालच्या डिचोलीच्या लढाईचा उल्लेख आजही कुठे दिसला, तर आधी त्या मजकुराची तारीख बघावी. २००७ नंतरचा असेल तर तळटीप बघावी. तळटीपेतलं पुस्तक सूचीत नसेल, तर राज्यमंडळाच्या इतिवृत्तांचा १६४० च्या आसपासचा खंड काढून बघावा.